हप्ता की हफ्ता? मराठवाड्यात पहिलं कर्ज घेण्याआधी

देगलूरच्या शाखेत मी कॅशियर होतो तेव्हाची गोष्ट. शिवणयंत्रासाठी कर्ज घेतलेल्या एक खाला होत्या. साहेबांनी त्यांना मराठीत समजावून सांगितलं, "दोन हजारांचा हप्ता, चुकवायचा नाही." आठव्या दिवशी खाला दोन हजार घेऊन खिडकीत हजर. मला वाटलं, चांगलं गिऱ्हाईक आहे, आगाऊ भरतंय. पंधराव्या दिवशी पुन्हा आल्या तेव्हा चेहरा उतरलेला होता. "साब, हर हफ्ते इत्ते पैसे कां से लाऊं?" मग डोक्यात प्रकाश पडला. आपला हप्ता महिन्याचा आणि त्यांच्या दखनीत हफ्ता म्हणजे आठवडा. दुसऱ्या खेपेचे पैसे त्यांनी पैंजण गहाण ठेवून आणले होते.

शब्द एकच, फारसीतून दोन्हीकडे आलेला. पण तो दोन घरांत दोन अर्थांनी नांदतो. आपल्याकडे हे पावलोपावली आहे. देगलूर-धर्माबादकडे तेलुगू, उदगीर-उमरग्याकडे कन्नड, शहरांत उर्दू आणि दखनी, किनवट-माहूरकडे बंजाऱ्यांची गोरमाटी. कन्नडमध्ये 'साल' म्हणजे चक्क कर्ज, आणि आपण व्याज सांगतो 'दर साल दर शेकडा'! कर्ज बोललं जातं एका भाषेत, समजलं जातं दुसऱ्या भाषेत आणि कागदावर येतं इंग्रजीत. फसवणारा नेमका या फटीत बसलेला असतो.

ऊसतोडीची उचल सोडून वाळूजला कंपनीत लागलेली पोरं, नांदेडला खोली करून राहिलेली, गावातच पहिल्यांदा बँकेची पायरी चढणारी, अशा सगळ्यांसाठी हे लिहितोय. विषय वैयक्तिक कर्जाचा आहे. पीककर्जाची वाट वेगळी, ती इथे मधूनमधूनच येईल.

आधी टक्का कोणता ते विचारा

गावात "तीन टक्क्यानं दिले" म्हणतात तेव्हा तो महिन्याचा टक्का असतो. शेकडा तीन रुपये महिना म्हणजे वर्षाला ३६ टक्के. बँकेत "बारा टक्के" म्हणतात तेव्हा तो वर्षाचा. त्यामुळे "बँकेपेक्षा सावकार बरा, तिथं बारा, इथं तीनच" असं म्हणणारा माणूस मी एकदा नाही, कितीतरी वेळा पाहिलाय. हसू नका, चांगला शिकलेला होता त्यातला एक.

दुसरी मेख 'फ्लॅट' या शब्दात आहे. समजा ५०,००० रुपये एका वर्षासाठी घेतले. १२ टक्के घटत्या शिलकीवर असतील, तर हप्ता साधारण ४,४४२ रुपये येतो आणि वर्षभराचं व्याज ३,३०० च्या आसपास. तेच १२ टक्के फ्लॅट असतील, तर व्याज सरळ ६,००० आणि हप्ता ४,६६७. मुद्दल दर महिन्याला कमी होत जातं, पण व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण पन्नास हजारांवर लागतं. खरा दर होतो साडेएकवीस टक्क्यांच्या घरात.

आता त्यात प्रोसेसिंग फी १,००० रुपये, तिच्यावर १८ टक्के जीएसटीचे १८०, आणि "साहेब, हा विमा घ्यावाच लागतो" म्हणून १,५०० कापले असं धरा. हातात पडले ४७,३२० आणि हप्ता पन्नास हजारांचाच. हिशोब मांडला तर वार्षिक दर ३२ टक्क्यांवर जातो. तोंडी सांगितले होते बारा! म्हणून "व्याज किती?" एवढाच प्रश्न पुरत नाही. तीन प्रश्न विचारा: माझ्या खात्यात नक्की किती येणार, महिन्याला किती जाणार, आणि एकूण किती महिने. या तीन आकड्यांत कुणाला काही लपवता येत नाही. ते ज्या भाषेत तुम्ही भाजीचा भाव करता त्याच भाषेत विचारा, आणि उत्तर आकड्यांत लिहून घ्या.

स्वतःचं सिबिल स्वतः बघा

'सिबिल' हे आता कोलगेटसारखं झालंय, टूथपेस्ट कोणतीही असो. खरं तर भारतात कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या अशा चार कंपन्या आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हायमार्क. तुम्ही कुठे कर्ज घेतलं, कधी भरलं, कधी चुकवलं याची नोंद त्यांच्याकडे जाते आणि त्यावरून ३०० ते ९०० यांमधला एक आकडा निघतो. साडेसातशेच्या पुढे असेल तर बँकवाला खुर्ची देतो असं आम्ही गमतीनं म्हणायचो. ज्यानं कधी कर्जच घेतलं नाही त्याला आकडाच नसतो. अशा माणसाला वाटतं, "माझ्यावर एक रुपयाचं देणं नाही, माझं सिबिल एक नंबर असणार." तसं नसतं. देणं नाही म्हणजे वाईट नाही, पण ओळखही नाही.

२०१७ पासून या चारही कंपन्यांनी दर कॅलेंडर वर्षात एकदा पूर्ण अहवाल फुकट द्यायचा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. त्यांच्या वेबसाइटवर पॅन, जन्मतारीख आणि मोबाइलवरचा ओटीपी टाकला की अहवाल येतो. चौकातला एखादा "सिबिल काढून देतो, वाढवूनही देतो" म्हणत पाचशे-हजार मागत असेल, तर त्याला रामराम करा. काढणं फुकट आहे आणि वाढवणं त्याच्या हातात नाही. आपला अहवाल आपण पाहिल्यानं आकडा खाली येत नाही. येतो तो एका आठवड्यात सहा ठिकाणी कर्जाचे अर्ज टाकल्यानं.

अहवाल आला की आधी आकड्याकडे नको, नावाकडे बघा. दोन भाषांच्या मुलखातलं खरं दुखणं इथं आहे. आधारवर 'शेख', पॅनवर इंग्रजीत एका स्पेलिंगनं, बँकेत दुसऱ्या, मार्कशीटवर तिसऱ्या. शेख हे आडनाव इंग्रजीत निदान तीन तऱ्हांनी लिहिलेलं मी एकाच घरात पाहिलंय. मराठी माणसाचं तरी काय, कुठे आडनाव आधी, कुठे शेवटी, कुठे वडिलांचं नाव गायब. लग्न झालेल्या बाईच्या तर दोन नावांच्या दोन फायली होतात. तेलुगू घरांत आडनाव पुढे एका अक्षरात आखडतं. त्यामुळे आपण नीट फेडलेलं कर्ज आपल्या नावावर दिसत नाही, किंवा त्याच नावाच्या दुसऱ्याचं थकलेलं आपल्या माथी येतं.

यावर उपाय कंटाळवाणा आहे, पण कर्जाच्या आधीच करायचा. पॅन आणि आधारवरचं नाव, जन्मतारीख अक्षरन् अक्षर एक करून घ्या, मग तेच बँकेच्या केवायसीत द्या. मोबाइल नंबर वारंवार बदलू नका. अहवालात चूक दिसली, तर त्याच कंपनीच्या वेबसाइटवर तक्रार नोंदवा आणि तिचा क्रमांक जपून ठेवा. ३० दिवसांत निकाल लागला नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळण्याची तरतूद आहे. हे शाखेत कुणी आपणहून सांगणार नाही.

अहवालात थकीत पीककर्जही दिसतं बरं का. "माफी होईल" म्हणून वर्षानुवर्षं नवं-जुनं (जुनं भरून नवं उचलणं) न केलेली माणसं नंतर पोराच्या शिक्षणासाठी कर्ज मागायला आली, की तोच जुना आकडा आडवा येतो. माफीची वाट बघायची की नाही हे ज्याचं त्यानं ठरवावं. फक्त त्या वाट बघण्याचीही नोंद होते, एवढं ध्यानात असू द्या.

कुणाच्या दारात आधी जायचं

जिथं पगार किंवा दुधाचे पैसे जमा होतात ती बँक पहिली. त्यांना तुमची आवक दिसते. मराठवाड्यात गावपातळीवर महाराष्ट्र ग्रामीण बँकेच्या शाखा भरपूर आहेत. तिचं मुख्यालय छत्रपती संभाजीनगरला आहे, आणि मे २०२५ मध्ये विदर्भ कोकण ग्रामीण बँकही तिच्यात विलीन झाली. जुनी माणसं स्टेट बँकेला अजून 'हैदराबाद बँक' म्हणतात. स्टेट बँक ऑफ हैदराबाद २०१७ मध्ये स्टेट बँकेत विलीन झाली, पण काउंटरवर उर्दू, तेलुगू बोलणारा माणूस तिथं हमखास भेटायचा. आजही शाखेत असा कर्मचारी आहे का हे बिनधास्त विचारा, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

बायकांसाठी बचत गट हा सगळ्यात मऊ रस्ता. उमेद (राज्याचं ग्रामीण जीवनोन्नती अभियान) किंवा माविमच्या (महिला आर्थिक विकास महामंडळ) गटातून बँकेचं कर्ज मिळतं आणि भाषाही आपल्या गल्लीतलीच असते. जनधन खातं नीट चालवलेलं असेल, तर १०,००० रुपयांपर्यंत ओव्हरड्राफ्टची सोय आहे, पण मागितल्याशिवाय कुणी देत नाही. शहरात हातगाडी लावणाऱ्यांना पीएम स्वनिधी आहे. पहिला टप्पा आता १५,००० रुपयांचा, तो वेळेवर फेडला की २५,००० आणि पुढे ५०,०००. कर्जाची ओळख तयार करायला याहून चांगली शिडी मला माहीत नाही.

घरात थोडं सोनं असेल, तर अडीनडीला वैयक्तिक कर्जापेक्षा बँकेतलं सोनेतारण बहुधा स्वस्त पडतं. पावतीवर वजन आणि कॅरेट लिहून घ्या.

गटकर्ज देणाऱ्या मायक्रोफायनान्स कंपन्या दारात येतात, ते सोयीचं वाटतं. वर्षाला ३ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घराला हे कर्ज विनातारण देतात. घरातले सगळे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत, असा नियम आहे. तो पाळला जातो का हे तुम्हीच बघायचं, कारण एका गटाचा हप्ता भरायला दुसऱ्या गटात नाव घालणाऱ्या बायका प्रत्येक गावात आहेत. मुदतीआधी फेडलं तर या कर्जावर दंड लावता येत नाही.

पतसंस्थेबद्दल जपून बोलतो. काही फार चांगल्या आहेत, सणासुदीला उभ्या राहतात. पण पतसंस्था म्हणजे बँक नव्हे. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा आहे, पतसंस्थेतल्या ठेवीला नाही. बीड आणि संभाजीनगरात गेल्या काही वर्षांत ठेवीदारांचे जे हाल झाले ते सगळ्यांनी पाहिलेत. "आधी एवढी ठेव ठेवा, मग कर्ज देतो" म्हटलं की दोनदा विचार करा. आणि "मी फेडलेल्या कर्जाची नोंद सिबिलला जाते का?" हेही विचारा. जात नसेल, तर कर्ज फिटेल पण पत वाढणार नाही. बिनव्याजी संस्था, बैतुलमाल (मुस्लिम समाजाचा मदतनिधी), भिशी यांनाही हेच लागू. व्याज नको म्हणून तिथं जाणाऱ्यांनी जरूर जावं, मदत खरी असते. फक्त पत दुसरीकडून बांधावी लागेल.

सावकार. हा धंदा परवान्यावर कायदेशीर आहे. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम २०१४ चा. परवानाधारक सावकारासाठी दर ठरलेले आहेत: शेतकऱ्याला तारणावर वर्षाला ९ आणि विनातारण १२ टक्के, इतरांना १५ आणि १८. वर्षाला, महिन्याला नव्हे! चक्रवाढ लावता येत नाही. मग शेकडा पाचनं देणारा तो कोण, हे तुम्हीच ओळखा. कोरा चेक, कोरा बाँड किंवा "नुसतं नावापुरतं" जमिनीचं खरेदीखत मागणाऱ्याच्या ओट्यावरून उठून या. मराठवाड्यातल्या किती जमिनी या नावापुरत्या खरेदीखतांत गेल्या याची मोजदाद नाही. आधीच अडकला असाल, तर जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे अर्ज करा. सावकारीत गेलेली जमीन १५ वर्षांपर्यंत मागे जाऊन तपासण्याची आणि परत देण्याची तरतूद या कायद्यात आहे.

मोबाइलवरचं कर्ज

कंपनीतल्या पोरांना याचीच भुरळ. ५,००० मागितले, ३,५०० खात्यात आले, सात दिवसांनी ५,००० भरायचे. म्हणजे आठवड्याला जवळपास ४३ टक्के! गावातला सावकारही एवढा धीट नसतो. एक दिवस उशीर झाला की फोनमधल्या सगळ्या नंबरांवर, मामापासून मुकादमापर्यंत, बदनामीचे मेसेज.

ओळखायचं कसं? कायदेशीर ॲपच्या मागे रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेली बँक किंवा वित्त कंपनी असते आणि तिचं नाव ठळक लिहिलेलं असतं. अशा ॲपची यादी जुलै २०२५ पासून रिझर्व्ह बँकेच्या वेबसाइटवर आहे. आधी तिथं नाव शोधा. ॲपनं तुमचे कॉन्टॅक्ट, फोटो, कॉल लॉग मागायचे नाहीत, असा नियम आहे. मागितले की ॲप काढून टाका. पैसे त्या संस्थेकडून थेट तुमच्याच खात्यात यायला हवेत. पटलं नाही तर निदान एका दिवसाची मुदत मिळते, तेवढ्यात मुद्दल आणि तेवढ्या दिवसाचा खर्च देऊन दंडाविना बाहेर पडता येतं. आणि "कर्ज मंजूर, आधी दीड हजार भरा" असा व्हॉट्सॲप आला, की तो हिंदीत असो, मराठीत असो की उर्दूत, चोर एकच असतो. पैसे गेलेच तर लगेच १९३० ला फोन करा. उशीर झाला की रक्कम हातची जाते.

सही करण्याआधी: तुमच्या भाषेतला कागद

या लेखातलं एकच काही लक्षात राहणार असेल, तर हे राहू द्या. १ ऑक्टोबर २०२४ पासून बँक असो की वित्त कंपनी, वैयक्तिक कर्ज देताना 'की फॅक्ट स्टेटमेंट' देणं बंधनकारक आहे. काउंटरवर केएफएस म्हणा, कळतं. त्यात खरा वार्षिक दर, सगळे आकार, हप्त्यांचा तक्ता, वसुलीची पद्धत, तक्रार कुणाकडे करायची हे सगळं एका जागी असतं. आणि मुख्य म्हणजे, तो कर्जदाराला समजेल त्या भाषेत असावा आणि समजावून सांगितला पाहिजे, असं रिझर्व्ह बँकेनंच लिहून ठेवलंय. जो आकार त्यात नाही, तो तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय नंतर लावता येत नाही. आठवडा किंवा त्याहून जास्त मुदतीच्या कर्जासाठी तो कागद घरी नेऊन विचार करायला किमान तीन कामाचे दिवस मिळतात.

तेव्हा म्हणा, "साहेब, केएफएस मराठीत द्या." उर्दू वाचता येत असेल तर उर्दूत मागा. कुरकुर होईल, "सिस्टीममध्ये इंग्रजीच आहे" म्हणतील. काउंटरच्या आतून मीही हे वाक्य म्हटलेलं आहे, म्हणून सांगतो: त्याचा अर्थ 'होत नाही' असा नसून 'मला शोधावं लागेल' असा असतो. बसून राहा.

वाचताना काही शब्द जोडीनं पक्के करा. मुद्दल म्हणजे असल, व्याज म्हणजे ब्याज किंवा सूद, तेलुगूत वड्डी, कन्नडमध्ये बड्डी. हप्ता महिन्याचा की आठवड्याचा, ते तारखेसकट. घरात ज्याला कमी कळतं त्याला बाजूला बसवून त्याच्या भाषेत सांगून बघा. सांगता आलं तर तुम्हाला कळलं. विमा ऐच्छिक असेल तर नको म्हणता येतो.

पत कशी बांधायची

यात चमत्कार काही नाही. छोटं कर्ज, न चुकता. हातात काहीच नसेल तर दहा-पंधरा हजारांची ठेव ठेवून तिच्यावर मिळणारं क्रेडिट कार्ड घ्या. त्याच्या मर्यादेच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त वापरू नका, आणि दर महिन्याला पूर्ण बिल भरा. 'मिनिमम ड्यू' भरणं म्हणजे वरवर भरलेली वाटणारी उधारी, व्याज आत चालूच राहतं. दिवाळीला शून्य टक्क्यावर घेतलेला मोबाइल हेही कर्जच. शेवटचा हप्ता विसरला, दोनशे-तीनशे रुपये राहिले, तरी अहवालात डाग पडतो. हप्त्याच्या आदल्या दिवशी खात्यात पैसे असू द्या. साधारण सहा महिन्यांत आकडा दिसू लागतो. २०२५ पासून नोंदी निदान पंधरा दिवसांनी अद्ययावत होतात.

आणि जामीनकी. आपल्याकडे जामीन राहणं हा नात्याचा भाग आहे. साडू म्हणाला, "नुसती सही तर करायची", की नाही म्हणता येत नाही. पण ते कर्ज तुमच्या अहवालातही दिसतं आणि त्यानं थकवलं तर तुमचं सिबिल जातं. मी स्वतः चुलतभावाला जामीन राहिलो होतो. त्यानं तीन हप्ते चुकवले आणि माझं घरकर्ज आठ महिने लटकलं, तेही बँकेत नोकरीला असताना. आज मी काय करतो? जमेल तेवढे रोख पैसे देतो, परत येणार नाहीत असं धरून. सही देत नाही. भाऊबंद चिडतात, पण दोन वर्षांत विसरतात.

अडलंच तर

हप्ता चुकणार असं दिसलं की लपू नका, आधीच शाखेत जा. वसुलीचे फोन सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर करता येत नाहीत. शिवीगाळ झाली तर रेकॉर्ड करा, लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते. १४४४८ वर फोन लावला की पुढचं समजावून सांगतात.

"निम्मे भरा, मिटवून टाकू" अशी तडजोड आली तर आधी विचारा, अहवालात काय लिहिणार. 'क्लोज्ड' आणि 'सेटल्ड' यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. 'सेटल्ड' पुढची कित्येक वर्षं बोलत राहतं.

आणि शेवटचा हप्ता गेला की बेबाकी, म्हणजे काही देणं उरलं नाही असा दाखला, घ्या. ती शिक्क्याची, कर्ज खाते क्रमांकासह, तुमच्या पॅनवरच्या नावानं. दिलेले चेक परत मागा. महिन्याभरानं अहवाल काढून कर्ज बंद दिसतंय का बघा. त्या खालांची बेबाकी मीच टाइप केली होती, मराठीत. त्यांनी ती पोराकडून उर्दूत मागच्या बाजूला लिहून घेतली आणि पैंजणांच्या डबीत ठेवली. पैंजण तोवर सुटले होते.